खाडी, सडा आणि सायकल

कोकणच्या नकाशावर रेवसपासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्यालगत बोट फिरवले, तर तो प्रवास सरळ आणि सोपा भासतो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस नारळी-पोफळीच्या बागा आणि त्यांमधून जाणारा सपाट रस्ता, असेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. सायकलवर बसलेल्या प्रवाशाचा हा समज पहिल्या दिवशीच दूर होतो. रस्ता सपाट नाही आणि सलगही नाही. घाम गाळून पठार गाठावे, तोच उतार सुरू होतो; उताराच्या पायथ्याशी रस्ता पाण्यात संपतो आणि पलीकडच्या तीरावर तोच रस्ता पुन्हा डोंगर चढताना दिसतो. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याहून गोव्याकडे सायकलने जाणाऱ्यांचा हा आवडता मार्ग झाला आहे. तथापि, किलोमीटर मोजून आखलेले त्यांचे वेळापत्रक बहुधा कोलमडते. येथे अंतर मोजावयाचे ते खाड्यांनी.

याचे मूळ भूरचनेत आहे. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांमधील अंतर बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरच भरते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या पश्चिमवाहिनी नद्या त्यामुळे आखूड आणि वेगवान आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. त्या काळात या नद्यांनी आपली पात्रे खोल कोरून काढली. पुढे हिम वितळले, समुद्र वर आला आणि दऱ्यांची मुखे त्याने गिळली. बुडालेली दरी म्हणजेच खाडी. भरतीचे पाणी आजही वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते, ते या खोल पात्रामुळेच.

दोन खाड्यांच्या मधली उंच जमीन म्हणजे जांभ्याची पठारे. कोकणात त्यांना ‘सडा’ म्हणतात. ओला असताना कापता येणारा आणि हवेत कठीण होणारा हा तांबडा दगड केरळात पाहून फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. पावसाळ्यात रानफुलांनी झाकलेला आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा हा सडा सायकलस्वाराला दिवसातून तीन-चार वेळा चढावा आणि उतरावा लागतो. गाव, देऊळ आणि पुळण खाली, रस्ता वर. गावात मुक्काम हवा तर मिळवलेली उंची सोडावयाची आणि सकाळी तीच पुन्हा कमवावयाची, असा येथील व्यवहार आहे.

या व्यवहाराचा हिशेब बँकेच्या वाचकांना रुचण्यासारखा आहे. दहा किलोमीटरचा चढ ताशी ८ च्या वेगाने आणि तेवढाच उतार ताशी ३२ च्या वेगाने कापला, तर सरासरी वीस येईल असे वाटते. पण चढाला सव्वा तास लागतो आणि उताराला जेमतेम एकोणीस मिनिटे. सरासरी येते ताशी १२.८ किलोमीटर. उतार चढाची भरपाई करीत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. उताराच्या वेगावर पुढचा चढ चढून जाता येईल ही आशाही फारशी फळत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि उरलेली ऊर्जा वळणावळणांवर ब्रेकच्या घर्षणात जाते.

किनारी रस्त्यावर दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर गेल्यास एकूण चढ हजार मीटरच्या घरात सहज जातो. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ८० किलो धरले, तर हजार मीटर उंची मिळवण्यासाठी सुमारे ७८४ किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे चतुर्थांशच पेडलपर्यंत पोहोचवते. म्हणजे केवळ या चढांपोटी साडेसातशे किलोकॅलरी वेगळ्या मोजाव्या लागतात. न्याहारीला दोन घावने अधिक मागणाऱ्या सायकलस्वाराकडे यजमानांनी आश्चर्याने पाहू नये!

सामान हलके ठेवण्याचा आणि हलक्या गिअरचा आग्रह याच हिशेबातून येतो. पुढील लहान दंतचक्र ३० ते ३४ दात्यांचे आणि मागील सर्वांत मोठे चक्र ३४ किंवा अधिक दात्यांचे असेल, तर गुडघे शाबूत राहतात. केवळ सपाटीवरील शर्यतीसाठी केलेली जड गिअरची सायकल येथे शिक्षा ठरते.

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाची कल्पना १९८० च्या दशकाच्या आरंभी, बॅ. अंतुले यांच्या कारकिर्दीत, पुढे आली. महामार्ग हे नाव मोठे असले, तरी बऱ्याच ठिकाणी तो अद्याप गावागावांतून जाणारा अरुंद रस्ताच आहे आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने हेच त्याचे भाग्य. अवजड वाहतूक आतल्या बाजूच्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून जाते. तो मार्ग सायकलने टाळलेलाच बरा.

संपूर्ण मार्गासाठी सवड नसेल, तर हरिहरेश्वर ते रत्नागिरी हा सुमारे दोनशे किलोमीटरचा टप्पा निवडावा. तीन दिवसांत तो होतो आणि त्यात तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडावयाच्या असतात. त्याआधी दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता मात्र अवश्य करावा. चढउतारांच्या या मुलखात तो अपवाद आहे. समुद्र बराच वेळ रस्त्याला बिलगून चालतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नवी पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. आजच्या बागांत दिसणारी उंच-ठेंगण्या झाडांची सरमिसळ ही त्या दिवसाची खूण आहे.

हरिहरेश्वरपासून काही मिनिटांत बागमांडल्याचा धक्का येतो. सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीस उतरावे. बाणकोटचा किल्ला डाव्या तीरावर खाडीच्या मुखाची राखण करीत उभा आहे. पुढे वेळास हे समुद्री कासवांच्या संवर्धनासाठी ओळखले जाणारे गाव. पिल्ले समुद्रात जाताना पाहावयाची, तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरावा. केळशीला जाताना भारजा नदी आडवी येते आणि पुलासाठी आत वळसा घ्यावा लागतो. आंजर्ले, हर्णैचे मासळी बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मग मुरुड, कर्दे, लाडघर अशी गावे एकामागून एक येतात. ओहोटीच्या वेळी कर्द्याची घट्ट वाळू सायकल चालविण्याचा मोह घालते. मोहास बळी पडावे, पण संध्याकाळी साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यावे. खारे पाणी पोलादाला क्षमा करीत नाही.

दाभोळच्या खाडीवरील फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. तिचे मोल तीरावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. समोरचे धोपावे दहा-पंधरा मिनिटांवर दिसते. तेथून गुहागर जवळच आहे. फेरी नसती, तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडला असता. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. घाटमाथ्यावरचा माल याच खाडीने समुद्रावर येई. दाभोळसमोरचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखावरील जयगड, मुचकुंदीवरील पूर्णगड, वाघोटनवरील विजयदुर्ग, अशी किल्ल्यांची ही साखळी खाड्यांच्या तोंडांशी का, याचे उत्तर येथे मिळते. रस्ते नव्हते तेव्हा खाडी हाच हमरस्ता होता.

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळला यावे, तिसरी फेरी पकडून जयगडला उतरावे. पुढे केशवसुतांचे मालगुंड, मग गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारेचा रस्ता. या रस्त्यावर चढ आहेतच. मात्र माथ्यावरून एकाच नजरेत दिसणाऱ्या पुळणी पाहून त्यांची तक्रार कोणी करीत असेल असे वाटत नाही. रत्नागिरीनंतर आणखी पुढे जाणाऱ्यांनी कशेळीजवळ सड्यावरील कातळशिल्पे पाहावीत. जांभ्यात कोरलेला तेथील हत्ती अवाढव्य आहे. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ साली समावेश झाला.

प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करण्यास सबळ कारण आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, ते मंद असतात. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि त्यांचा रोख बहुधा वायव्येकडून असतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या पाठीला तेवढाच आधार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात सृष्टी अधिक सुंदर असली, तरी जांभ्याच्या चिखलाने व शेवाळाने वळणे निसरडी होतात आणि वादळी हवेत फेऱ्या बंद राहू शकतात. पहाटे निघून दहापर्यंत मोठा चढ संपवावा, दुपार फेरीच्या धक्क्यावर सावलीत काढावी. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी गावात विचारून घ्याव्यात. सड्यावर पाणी मिळत नाही आणि खाडीच्या तळाशी मोबाईलचा संपर्क अनेकदा तुटतो. म्हणून दोन बाटल्या पाणी आणि तिकीट-चहापुरती सुटी रोकड जवळ असू द्यावी. उतारावर वळणाच्या आतील बाजूस खडी साचलेली असते. ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे.

राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतल्या आहेत. शेवटची फेरी सुटल्यावर ज्यांना रुग्ण घेऊन रात्री वळसा घालावा लागतो, त्यांच्यासाठी पूल ही चैन नव्हे आणि सायकलस्वाराच्या रम्य अर्ध्या तासासाठी तो अडवून धरण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र आज दर खाडीवर थांबणारी मोटारींची रांग उद्या विनाथांबा धावू लागेल, ती याच अरुंद रस्त्यांवरून. पुलावर पादचारी आणि सायकल यांच्यासाठी वेगळी पट्टी, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंस काही अंतर तरी रुंद कड ठेवली, तर शाळेला सायकलने जाणारी गावची मुलेही सुरक्षित राहतील. आराखड्यात ही पट्टी आताच स्वस्तात बसते. नंतर जोडावयाची म्हटली तर तिची किंमत अनेक पटींनी वाढते.

इतके चढ नको असलेल्यांसाठी, विशेषतः कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी, गोव्यातील मांडवीच्या पात्रातील दिवाडी आणि चोडण ही बेटे योग्य आहेत. जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडीवर उतरले की बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाजण शेतांमधून जाणारे सपाट रस्ते लागतात. चोडणवर खारफुटीतील सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. एका सकाळीत एक बेट निवांत पाहून होते. सायकल रेल्वेने न्यावयाची असल्यास पार्सल कार्यालय असलेल्या मोठ्या स्थानकावरून ती आगाऊ नोंदवावी, कारण लहान स्थानकांवरील दोन मिनिटांच्या थांब्यात ती चढवून घेणे जमत नाही.