काळ्या जमिनीतील पाणी : साठा आणि उपलब्धता

सोलापूर परिसरात रब्बी ज्वारीची पेरणी पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पुढील सुमारे चार महिने हे पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ही ओल टिकते कशी, याचे उत्तर पाण्याच्या रेणूत सापडते.

या रेणूतील दोन हायड्रोजन अणू ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करतात. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋणभारित, तर दुसरी धनभारित असते. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो. हा भार आणि त्याने धरून ठेवलेले कॅल्शियमसारखे धन आयन पाण्याला खेचून घेतात. पाणी पापुद्र्यांमध्ये शिरते व माती फुगते. वाळल्यावर तीच आकसून भेगाळते.

मात्र साठलेले सर्व पाणी पिकाच्या वाट्याला येत नाही. कणांलगतचा पातळ थर इतका घट्ट चिकटलेला असतो की, सुमारे १५ बार ताणापलीकडे बहुतेक पिकांची मुळे तो ओढू शकत नाहीत. भारी माती हाताला ओलसर लागते आणि तरीही रोप कोमेजते, ते यामुळेच. वाळुसर जमीन बरेचसे पाणी सहज सोडते, पण मुळात साठवतेच थोडे.

भेगांतून खोलवरची ओल वाफेवाटे निघून जाते, मुळेही तुटतात. म्हणून ज्वारीत कोळपण्या देतात. भुसभुशीत झालेला वरचा थर भेगा बुजवितो आणि खालच्या केशनलिकांचा पृष्ठभागाशी असलेला संबंध तोडतो. तथापि, उथळ जमिनीत दाणा भरण्यापूर्वीच ओल संपली, तर कोळपणीचाही उपयोग होत नाही.