पत्र्याआड झिजणारी काच

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड व्ही-८ गाड्या तरुणांना स्वस्तात मिळत. ते त्या हौसेनं उघडत, हलक्या करत आणि पळवत. या ‘हॉट रॉड’ मंडळींनी जो सायलेन्सर डोक्यावर घेतला तो ग्लासपॅक. १९६८ पासून लाल रंगात येणारा ‘चेरी बॉम्ब’ हा त्यातला सर्वांत गाजलेला.

रचना अगदी साधी. मधून साधारण दोन इंची, भोकं पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, वरून चारेक इंची पत्र्याचं नळकांडं. नेहमीच्या सायलेन्सरमध्ये धूर कप्प्याकप्प्यांतून वळवून नेतात. इथे तो आरपार जातो, त्यामुळे इंजिनावर मागून दाब फार येत नाही. काचेचे तंतू घाऊक प्रमाणात काढण्याची रीत १९३० च्या दशकात ओहायोत गेम्स स्लेटर यांनी बसवली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी उभी राहिली. या स्वस्त मालावाचून ग्लासपॅक एवढा पसरला नसता.

आवाज भोकांतून लोकरीत शिरतो, तंतूंमधली हवा मागे-पुढे हलते, तंतूंना घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. मात्र हे उंच पट्टीच्या आवाजालाच नीट लागू पडतं. आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे १३३ स्फोट होतात. ४०० अंश सेल्सिअसच्या वायूत त्या सुराची लहर जवळपास चार मीटर लांब भरते. इंचभर लोकर तिला कशी अडवणार? कर्कशपणा तेवढा जातो, खर्ज उरतो. चाहते भाळतात ते याच खर्जावर.

ही लोकर ब्रेकच्या लायनरसारखीच झिजते, पण झिजताना दिसत नाही. तंतूंना धरून ठेवणारं चिकट द्रव्य आधी जळतं. मग धुराच्या प्रत्येक ठोक्यानं तंतू हलतात, तुटतात आणि तुकडे भोकांतून धुराबरोबर बाहेर जातात. जुना नग कापून पाहिला, तर इंजिनाकडची बाजू बहुधा रिकामी असते आणि मागच्या टोकाला काजळीनं काळी पडलेली, दबलेली लोकर सापडते. इंजिन तेल जाळत असेल, तर उरलेल्या लोकरीची छिद्रंही बुजतात.

पाण्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी काढणाऱ्याचा सायलेन्सर मात्र पुरता तापतच नाही. पाणी लोकरीत मुरतं, धुरातल्या आम्लांसह तिथेच राहतं आणि पत्रा आतून गंजतो.

आवाज इतका हळूहळू चढतो की रोज गाडी चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. उलट इंजिन आता ‘मोकळं झालं’ असंच वाटतं. कॅलिफोर्नियाचा कायदा सहा हजार पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा घालतो. तो आज रस्त्यावर होणारा आवाज धरतो, खरेदीच्या दिवशीचा नव्हे. झिजणारा भाग वेल्डिंग करून कायमचा बंद करायचा, ही मला या रचनेतली खरी चूक वाटते. आपल्याकडे बुलेटला लावतात त्या ग्लासवूलच्या सायलेन्सरांनाही ही झीज चुकत नाही. मोटोक्रॉसच्या गाड्यांवर मात्र सायलेन्सरच्या टोकाची टोपी रिव्हेट किंवा स्क्रूनं बसवलेली असते. ती काढायची, जुनी लोकर खरवडायची, नळीला नवी घट्ट गुंडाळायची. सुट्या तुकड्यांपेक्षा लांब, अखंड तंतूंची लोकर घेतली, तर ती उडून जायला बराच जास्त वेळ लागतो.