कोपऱ्यावरचा माणूस पारखायचा कसा?

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. एका संघाच्या वाट्याला त्यातले साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे मीटरभरावर बोनस रेषा आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरते पावणेदोन मीटरची पट्टी. कोपरारक्षकाचा सगळा धंदा या पट्टीत चालतो. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणारा बी.ए.चा पोरगा या पट्टीत कसा उभा राहतो, हे पाहून तो प्रो कबड्डीत टिकेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. मात्र हा अंदाज गुणफलक वाचून बांधायला गेलं की फसगत ठरलेली.

कारण साधं आहे. चांगल्या कोपऱ्याकडे चढाईपटू फिरकतच नाही. उजवा कोपरा भक्कम असला की सगळा खेळ डावीकडे सरकतो, डाव्याला पाच पकडी मिळतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचंच नाव येतं. उजव्याच्या नावापुढे एक किंवा दोन. म्हणून पकडी मोजण्याआधी त्याच्या बाजूला चढाया किती आल्या ते मोजावं, आणि त्यानंतर फसलेल्या पकडी. हा आकडा स्थानिक स्पर्धांत कोणी लिहून ठेवत नाही, खरी मेख तिथेच आहे. फसलेली पकड म्हणजे समोरच्याला गुण आणि आपला माणूस बाहेर. साखळीतल्या दोघांनाही चढाईपटूचा स्पर्श झाला असेल तर दोघंही बाहेर. चार पकडी करून पाच वेळा फसणारा रक्षक प्रेक्षकांचा लाडका असतो, पण प्रशिक्षकाच्या डोक्याला ताप.

सबुरी बघायची असेल तर तिसरी चढाई बघा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. घाई त्याला असते, रक्षकाला नाही. तरीही आपल्याकडची कॉलेजची पोरं नेमकी तेव्हाच झेप घेतात, कारण बाहेर मित्र ओरडत असतात. पक्का कोपरा उलट बोनसचं आमिष दाखवतो. सहा किंवा अधिक रक्षक मैदानात असतानाच बोनस मिळतो. तो घेताना चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असतो. घोटा धरायचा तो त्या क्षणी. आणि धरल्यावर काय? मध्यरक्षक धावून येईपर्यंत दम धरून राहायचं. त्यामुळे कोपऱ्याची परीक्षा एकट्याने होत नाही. शेजारचा मध्यरक्षक ढिला असेल तर कोपऱ्याच्या अर्ध्या पकडी सुटतात आणि दोष त्याच्या माथी बसतो.

माती आणि मॅट हा दुसरा घोळ. मातीत पाय घसरतो, चढाईपटूला वळायला वेळ लागतो. मॅटवर बुटांना पकड मिळते आणि तो झटक्यात दिशा बदलतो. मातीवरचा वाघ मॅटवर अर्धा क्षण उशिरा पोहोचतो. ज्याने आयुष्यभर माती खेळली त्याला मॅटवर निदान एक हंगाम दिल्याशिवाय नापास करू नये, असं माझं मत आहे.

मापं घेतली तरी पारख चुकते, याचा दाखला बाहेरचा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीतल्या कॉलेज खेळाडूंची इंडियानापोलिसला मापं घेतात. उंची, वजन, हातांची लांबी, 40 यार्डांची धाव, 225 पौंडांचं वजन किती वेळा उचललं, सगळं नोंदलं जातं. तरीही पिट्सबर्ग विद्यापीठाचा अॅरन डोनाल्ड त्याच्या जागेसाठी बुटका मानला गेला आणि व्यावसायिक संघांच्या 2014 च्या निवडीत तेराव्या क्रमांकावर गेला. पुढे तीनदा तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. फीतपट्टीची मर्यादा तिथेही उघडी पडली. आपल्याकडे तर फीतपट्टीच नाही, हा भाग वेगळा.

चांगल्या कोपऱ्याची किंमत प्रो कबड्डीच्या लिलावाला कळायला वेळ लागला. पहिल्या काही हंगामांत झगमगाट चढाईपटूंचा होता. 2018 च्या लिलावात इराणचा फझल अत्राचली हा डावा कोपरा यू मुंबाने एक कोटीला घेतला. 2023 मध्ये त्याच्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलूवर पुणेरी पलटणने 2.35 कोटी लावले आणि त्या हंगामाचं विजेतेपद पटकावलं. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला, विजेतेपदही तिकडेच गेलं. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर कल्याणचा गिरीश ईर्नाक, तोही डावा कोपरा.

विदर्भाचं दुखणं जरा निराळं. परंपरा कमी नाही: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवली होती. प्रेक्षकही आहेत, 2017 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाले. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. यामुळे आपल्या पोरांना जागा जास्त मिळतात, हे खरं. पण रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 2018 च्या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामना खेळून त्या संघातले रक्षक सगळ्यांच्या नजरेत भरले. गटातच गारद झालेल्या संघाच्या कोपऱ्याला असं दिसायची संधी दोन-तीन सामन्यांपुरतीच. नवोदितांना लिलावाबाहेरूनही संघ करारबद्ध करतात, पण त्यासाठी कोणी तरी पाहिलेलं असावं लागतं. निवड चाचणीत तर कोपऱ्यावर अन्यायच होतो: अनोळखी मध्यरक्षकाशेजारी उभं राहून जोडीचा खेळ पाच मिनिटांत कसा दाखवणार? नागपूरच्या महाविद्यालयांनी आपले सामने अंतिम रेषेमागून, पाय दिसतील असे, मोबाइलवर चित्रित करून ठेवले तरी निम्मं काम होईल. सध्या चित्रफिती असतात त्या बहुतेक चढाईपटूच्या उड्यांच्या.

राहता राहिला पैसा. 2025 च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत 9 लाख होती, तीही एका हंगामाची. कोपऱ्याचे गुडघे आणि खांदे आधी जातात. म्हणून पालक विचारतात तेव्हा मी करार वाचायला सांगतोच, पण त्याआधी पक्क्या नोकरीसाठी रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात शोधायला लावतो.