पाठीवरची जखम मोजायची कशी?

न्यूमोनिया आटोक्यात आला, व्हेंटिलेटर निघाला आणि रुग्ण अतिदक्षता विभागातून वॉर्डात आला. नातेवाईक आनंदात असतात. कूस वळवताना मात्र माकडहाडाजवळ काळपट जखम दिसते. ‘ही इथे आल्यावर झाली का?’ हा पहिला प्रश्न. उत्तरासाठी दाखल होतानाची त्वचेची नोंद हवी. अनेकदा तीच नसते.

हा बेडसोअर. हाड आणि गादी यांच्यात त्वचा सतत दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा अडतो व पेशी मरतात. गुंगीतल्या रुग्णाला वेदना सांगता येत नाही, कूसही बदलता येत नाही. माकडहाड व टाचा यांना सर्वाधिक धोका असतो. मास्कमुळे नाकावर, नळीमुळे ओठावरही जखम होते.

१५ मे २०१८ या एकाच दिवशी ९० देशांतील १,११७ अतिदक्षता विभागांतील १३,२५४ रुग्णांची पाहणी झाली. २६.६ टक्के रुग्णांना अशा जखमा होत्या; १६.२ टक्के रुग्णांना त्या विभागात आल्यानंतर झालेल्या होत्या. या दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. वीस खाटांपैकी पाच रुग्णांना जखम असेल आणि दोघे ती घेऊनच आले असतील, तर विभागाच्या खात्यावर तीनच रुग्ण धरायचे.

एका दिवसाची मोजणी सोपी, पण तिच्यात दीर्घकाळ राहिलेले रुग्ण जास्त सापडतात. म्हणून नव्या जखमा ‘दर हजार रुग्णदिवसांमागे’ मोजतात. वीस भरलेल्या खाटांचे तीस दिवसांत सहाशे रुग्णदिवस होतात. त्यात तीन नव्या जखमा झाल्या, तर दर पाच.

केसपेपर चाळून केलेली मोजणी अपुरी पडते. त्वचा प्रत्यक्ष पाहावी लागते. पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेली नसते, फक्त लाली असते आणि बोटाने दाबली तरी ती जात नाही. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. तिथे हात लावून उष्णता, कडकपणा, सूज तपासावी लागते.

१९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देते. एकूण गुण ६ ते २३; जितके कमी, तितका धोका जास्त. पण ही धोक्याची मोजणी झाली, जखमांची नव्हे.

नीट पाहायला सुरुवात केली की आकडा आधी वाढतो. त्यावरून परिचारिकांना बोल लावले, तर पुढच्या महिन्यात आकडा कमी होईल, जखमा नाही. वाढलेला आकडा रात्रपाळीला माणसे कमी पडतात का, कूस वेळेवर बदलली जाते का, हे विचारण्यासाठी वापरावा.

नातेवाइकांनीही दाखल करतानाच विचारावे : ‘पाठ आणि टाचा पाहिल्या का? कागदावर लिहिले का?’