दोन पंचांच्या डोळ्यांदेखत

तलासरीच्या पुढे आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागतो. पूर्वेला उधव्याच्या बाजूने गेलं की दादरा-नगर हवेली, आणि वापीपलीकडे दमण. एवढ्याशा टापूत तीन सरकारं आणि दारूचे तीन निराळे कायदे. गुजरातेत दारूबंदी, महाराष्ट्रात परवाना, दमणला कर कमी म्हणून बाटली स्वस्त. त्यामुळे नाकाबंदी, टेम्पोची तपासणी, पाड्यावरचा छापा यांचं डहाणू-तलासरीत कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटावं असं काही आहे ते झडतीच्या नियमांत.

समजा, कासा भागातल्या एका पाड्यावर घराची झडती घ्यायची आहे. फौजदाराच्या अंगावर वर्दी आहे, पाठीशी कायदा आहे. तरी त्याला सरळ आत शिरता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ त्याला सांगतं: आधी याच वस्तीतली दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं बोलाव. तशी कोणी मिळालीच नाहीत किंवा तयार झाली नाहीत, तरच दुसऱ्या वस्तीतली. एखादा भातशेतीवाला आणि एखादा किराणा दुकानदार, असे दोघे पंच म्हणून येतात आणि त्या तासाभरापुरते न्यायालयाचे डोळे होतात.

आता त्यांचा पंचनामा पाहा. हात पोलिसाचा असतो, पण सुरुवात होते ‘आम्ही पंच’ अशी. नाव, वय, धंदा, राहणार कुठले, कोणी बोलावलं, किती वाजता आलो. म्हणजे सरकारी कागद शेजाऱ्याच्या तोंडून बोलतो! मग येते मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. आत जाण्याआधी पोलीस आणि पंच स्वतःची अंगझडती घरमालकाला देतात. खिसे उलटे करून दाखवायचे, पिशवी उघडायची, ‘आमच्याजवळ काही नाही, बघून घे’ म्हणायचं. कलमात ही ओळ नाही. खिशातली पुडी आत टाकून ‘सापडली’ म्हणता येऊ नये, यासाठी रूढ झालेली ही पद्धत आहे. ज्याच्यावर संशय आहे त्यानेच आधी कायद्याचे खिसे तपासायचे!

आत गेल्यावर वस्तू सापडली एवढं लिहून भागत नाही. कुठे सापडली तेही लिहावं लागतं. माळ्यावर, कणगीच्या मागे, चुलीच्या डाव्या हाताला. मोहाची दारू सापडली तर तिच्यातून नमुन्याची बाटली भरायची, बूच लावायचं, सुतळीने बांधायचं, लाखेचं सील करायचं आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवायची. पुढे ती बाटली मुद्देमालाच्या खोलीतून रासायनिक तपासणीला जाते. कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो: सील शाबूत होतं का?

घरमालकाला झडतीभर हजर राहता येतं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही पुरती अदब राखून.

पंचांचा हा नियम जुना आहे. १८९८ च्या फौजदारी कायद्यातही तो कलम १०३ मध्येच होता. तेव्हा फक्त ‘प्रतिष्ठित’ माणसं पुरत. १९७३ च्या संहितेत कलमाचा आकडा १०० झाला आणि ‘स्वतंत्र’ हा शब्द आला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली नि आकडा फिरून १०३ वर आला. तिच्याच कलम १०५ प्रमाणे आता झडती, जप्ती आणि जप्त वस्तूंच्या यादीवरच्या सह्या यांचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. ही तरतूद मोलाची आहे. पण मोबाइल जिकडे धरला तिकडचंच टिपतो. पंच मान वळवून मागेही बघतो. मला विचाराल तर पंचाची गरज मोबाइलने संपलेली नाही.

इथे तर नाहीच. वारली, गुजराती, मराठी अशा बोली मिसळलेल्या या भागात पंचनाम्यातली कचेरीची मराठी सगळ्यांना कळेल असं नाही. म्हणून तो वाचून, समजावून सांगितल्यावरच अंगठा उठवला पाहिजे. १० ऑक्टोबर १९४५ ला तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ही आठवण या मातीत जिवंत आहे. अशा ठिकाणी वर्दीला बांध घालणारं प्रत्येक कलम मला फार मोठं वाटतं.

ओळख पटवण्याचे नियमही असेच थक्क करतात. बोटांचे ठसे द्यायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ४ ऑगस्ट १९६१ रोजी दिला, तोही ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात. ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळंही टिपण्याची मुभा देणारा नवा कायदा लागू झाला ४ ऑगस्ट २०२२ रोजी. तारीख तीच! ही नोंद ७५ वर्षं जपायची आहे. मात्र आधी कधी शिक्षा न झालेला माणूस शेवटपर्यंत निर्दोष ठरला, तर न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्यांनी लेखी कारण देऊन वेगळा आदेश दिला नसेल तर ती नष्ट करायची असते.

ओळख परेडीत तर पोलिसाला थाराच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमपुस्तिकेनुसार एका संशयितासोबत त्याच्यासारखे दिसणारे किमान सहा जण उभे करायचे. रांगेतली जागा संशयिताने निवडायची, हवं तर कपडे बदलायचे. परेड घेणार कार्यकारी दंडाधिकारी, बहुधा नायब तहसीलदार.

उद्या तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर ‘कोर्टाची कटकट नको’ म्हणून पाठ फिरवू नका. लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं गुन्हा आहे, आणि खास समन्स आल्याशिवाय कोर्टात जावं लागत नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. आणि झडती तुमच्याच घराची असेल, तर पंचांच्या सह्या असलेल्या यादीची प्रत मागून घ्या. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे.