पितृत्व-चाचणीतील टक्के आणि त्यांचा अर्थ

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाची दाद आज जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे जाते. परंतु 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत ज्या नागपुरातून या मुलखाचा कारभार चालत असे, त्या नागपूरशी आणि काटोल-वरूडशी येथील मराठी कुटुंबांच्या सोयरिकी अद्याप जडलेल्या आहेत. आणि एखादी सोयरीक मोडते तेव्हा पोटगीच्या अर्जापाठोपाठ कधीकधी मुलाच्या पितृत्वाचा प्रश्नही कचेरीच्या पायरीशी येऊन उभा राहतो. मग डीएनएच्या अहवालातील ‘पितृत्वाची संभाव्यता 99.99 टक्के’ हा एकच आकडा उभयपक्षी वाचला जातो, आणि तो कोणत्या हिशेबाचा शेवट आहे याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

हिशेब असा आहे. अपत्याच्या प्रत्येक जनुकीय स्थानी दोन रूपे असतात, एक मातेकडून आलेले, दुसरे पित्याकडून. पित्याकडून आलेले रूप समाजातील शंभर रूपांत दहा वेळा आढळत असेल, आणि चाचणीस बसलेल्या पुरुषाच्या दोन रूपांपैकी एक तेच असेल, तर त्याच्याकडून ते मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी आणि कोणा परक्या पुरुषाकडून मिळण्याची एक-दशांश. म्हणजे त्या स्थानाचा कौल त्याच्या बाजूने पाचपट पडला. या गुणोत्तराला पितृत्व-निर्देशांक म्हणतात. प्रयोगशाळा पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक स्थाने तपासते आणि हे निर्देशांक परस्परांनी गुणते. पंधराही स्थानी पाचपटच कौल पडला असे समजले, तर गुणाकार तीन हजार कोटींच्या वर जातो.

टक्केवारी या निर्देशांकातून निघते, परंतु तिच्यात एक गृहीत मिसळलेले असते. 1938 साली स्वीडनच्या एसेन-म्योलर यांनी रूढ केलेल्या रीतीप्रमाणे चाचणीपूर्वी हा पुरुष पिता असण्याची आणि नसण्याची शक्यता सारखीच, निम्मी-निम्मी, धरली जाते. निर्देशांक 100 असेल तर या रीतीने उत्तर 99 टक्के येते. पण इतर पुराव्यावरून आधीची शक्यता दहांत एकच ठरत असेल, तर तोच 100 चा निर्देशांक सुमारे 92 टक्क्यांपर्यंत उतरतो. निर्देशांक दहा हजार असला तर मात्र 99.99 चे 99.91 एवढेच होतात. म्हणून टक्क्यांपेक्षा निर्देशांक हा अधिक प्रामाणिक आकडा आहे, असे माझे मत आहे. तो प्रयोगशाळेने काय पाहिले ते सांगतो, आणि आधीच्या शक्यतेची बाब न्यायाधीशाकडे सोपवितो.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘परका पुरुष’ या शब्दांत दडलेली आहे. वरचा सगळा हिशेब रक्ताच्या नात्याबाहेरील पुरुषाशी तुलना करून मांडलेला असतो. एकत्र कुटुंबातील वादात संशय सख्ख्या भावावर असेल, तर ती तुलना गैरलागू ठरते, कारण भावाभावांत जनुकीय रूपे मोठ्या प्रमाणात सामाईक असतात. वरच्याच उदाहरणात प्रत्येक स्थानी पाचाऐवजी पावणेदोन पटीहूनही थोडा कमी कौल उरतो, आणि तीन हजार कोटींचा निर्देशांक दोन हजारांच्या थोड्या वर येऊन थांबतो. प्रत्यक्षातील उदाहरणे यापेक्षा गुंतागुंतीची असतात, तरी घसरणीची दिशा हीच. पोटजातीतच पिढ्यानपिढ्या लग्ने होणाऱ्या समाजात, किंवा या मुलखातील गोंडांसारख्या समूहात, रूपांचे प्रमाण निराळे असू शकते. तेव्हा ते कोणत्या लोकसमूहाच्या नोंदींवरून घेतले, हेही अहवालात असावे.

नकाराचे गणित त्यामानाने सरळ आहे. एखाद्या स्थानी मेळ न बसणे उत्परिवर्तनामुळेही घडते; पित्याकडून अपत्याकडे होणाऱ्या हजार संक्रमणांत एखाद-दुसरे असे होते; परंतु अनेक स्थानी मेळ बसला नाही तर पितृत्व नाकारले जाते. ‘होय’ला शंभर टक्के कधी म्हणता येत नाही, कारण हिशेब शेवटी तुलनेचाच असतो, आणि एकरूप जुळ्या भावांपुढे तर ही नेहमीची चाचणी निरुत्तर होते.

आपल्या कायद्याने या विज्ञानाला जागा देताना बराच विचार केला आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 112, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आले, विवाहकाळात जन्मलेले अपत्य पतीचेच मानते. पती-पत्नींचा संबंध येणेच शक्य नव्हते असे सिद्ध झाल्याशिवाय ते गृहीत हलत नाही. विदर्भातल्या एका पोटगीच्या दाव्यात नागपूर आणि मग हैदराबाद येथील प्रयोगशाळांनी पतीचे पितृत्व नाकारले, तेव्हा 6 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाच्या पुराव्याला या गृहीताहून वरचे स्थान दिले. तथापि आधी दिलेली पोटगी परत मागता येणार नाही, असेही बजावले. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यातील एका प्रकरणी त्याच न्यायालयाने मुलांच्या डीएनए चाचण्या सरसकट होऊ नयेत, असे सांगितले. ज्या अजाण जीवाने कोणताही दावा लावलेला नाही, त्याच्या रक्ताचा थेंब वडीलधाऱ्यांच्या भांडणासाठी घ्यावा का, हा प्रश्न न्यायालयाने विचारला हे मला फार योग्य वाटते.

म्हणून या वाटेने जाणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की नमुना ओळख पटवून, साक्षीदारांसमक्ष आणि मोहोरबंद होऊनच द्यावा, शक्य तेथे आईचाही नमुना असावा, संशय भावावर किंवा चुलत्यावर असेल तर ते वकिलाला आणि प्रयोगशाळेला आधीच उघडपणे सांगावे, आणि अहवाल हाती आल्यावर टक्क्यांच्या आधी निर्देशांक विचारावा.