माऊस घेण्याआधी हात मोजा

मागच्या महिन्यात विहारात रविवारची वंदना झाल्यावर वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला थांबवले. म्हणाल्या, "पोराचा माऊस बिघडलाय. साडेतीन हजारांचा मागतोय. त्याच कॉम्प्युटरवर मुलगी डीटीपीचं काम करते, तर तिचं मनगट दुखतंय. आता काय करायचं?"

आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा रात्री तास-दीड तास गेम खेळतो, मुलगी दिवसाचे पाच-सहा तास काम करते. माऊस एकच, हात मात्र दोन वेगवेगळे. असे प्रश्न आता बऱ्याच घरांत आहेत, म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर माऊसविषयी लिहीत आहोत.

आधी पाहा, खरेच बदलायला हवा का?

पॉइंटर अडखळत असेल तर माऊस उलटा करा. खालच्या बारीक भोकात केस किंवा धूळ अडकली असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसा. काच लावलेल्या किंवा चकचकीत टेबलावर बरेच माऊस नीट चालत नाहीत. खाली कापडी पॅड टाका. यूएसबीची जागा बदलून पाहा.

एकदा दाबल्यावर दोनदा दाबल्यासारखे होत असेल, म्हणजे एका क्लिकला फोल्डर उघडत असेल, तर बटणाखालच्या छोट्या स्विचची पत्री बहुधा झिजलेली असते. पुसून ती दुरुस्त होत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर बिल घेऊन जा. नसेल तर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कारागीर स्विच बदलून देऊ शकतो. त्याचा खर्च विचारा आणि मगच नवीन घ्यायचे ठरवा. ताईंच्या घरचा माऊस याच दोषाने गेला होता. शिवाय तारही मुळाशी तुटत आली होती, म्हणून बदलणेच योग्य होते.

हात कसा मोजायचा?

तळहात सरळ पसरा. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. साधारण 17 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हात लहान, 17 ते 19 मध्यम, त्याहून जास्त असेल तर मोठा समजा. हाताच्या लांबीच्या साधारण 60 टक्के लांबीचा माऊस सोयीचा पडतो. म्हणजे 19 सेंटिमीटरच्या हाताला सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा. हा ठोकताळा आहे, नियम नाही. पूर्ण तळवा टेकवून धरणाऱ्याला थोडा मोठा चालतो, नुसत्या बोटांनी धरणाऱ्याला थोडा लहान.

लहान हातात मोठा माऊस आला की बोटे ताणली जातात. मोठ्या हातात फार छोटा माऊस आला की बोटे आखडून धरावी लागतात. दोन्हींत हाताचे स्नायू विनाकारण तणावात राहतात. दिवसभर तसेच काम केले की दुखणे सुरू होते. डावखुऱ्या मुलांसाठी दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊसच घ्या. उजव्या हातासाठी वळण दिलेला माऊस त्यांना त्रास देतो.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत डीपीआय लिहिलेला असतो: 8,000, 12,000 आणि त्याहूनही पुढे. माऊस एक इंच सरकवला की पॉइंटर किती ठिपके पुढे जाईल, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे 1,920 ठिपके असतात. 800 डीपीआयवर माऊस सुमारे अडीच इंच सरकवला की पॉइंटर पडदा ओलांडतो. 1,600 वर सव्वा इंचात. बहुतेकांना याच दरम्यान काम आणि खेळ दोन्ही जमतात. त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

दुसरा आकडा हर्ट्झचा. माऊस सेकंदाला किती वेळा आपली जागा कॉम्प्युटरला कळवतो, ते त्यातून समजते. साधा माऊस सहसा 125 वेळा कळवतो, गेमिंगचा 1,000 वेळा. वेगवान खेळात याचा थोडा उपयोग आहे, टायपिंगच्या कामात नाही.

वजन मात्र जरूर पाहा. रोज हजारो वेळा सरकवायची वस्तू हलकी असावी. 80 ते 100 ग्रॅमचा माऊस पुरे. उदाहरण सांगायचे तर लॉजिटेकचा जी 102 हा तारेचा माऊस सुमारे 85 ग्रॅमचा आणि साडेअकरा सेंटिमीटरहून किंचित लांब आहे. ही जाहिरात नव्हे. खोक्यावर काय वाचायचे ते कळावे म्हणून नाव घेतले. रंगीत दिव्यांनी नेम सुधारत नाही.

तार की बिनतारी? मध्यम बजेटमध्ये तारेचा घ्या. सेलचे वजन नाही, चार्जिंगची कटकट नाही. तार मात्र मऊ असावी. कडक तार माऊसला मागे ओढते आणि तेवढा जोर मनगटाला लावावा लागतो. बिनतारीच हवा असेल तर खेळासाठी ब्लूटूथपेक्षा छोटा यूएसबी रिसीव्हर असलेला बरा.

शक्य असेल तर दुकानात हातात धरून पाहा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत एकाच फेरीत अनेक नमुने बघता येतात. बटण दहा-वीस वेळा दाबा. बोटाला जोर लावावा लागत असेल तर तो घेऊ नका. अंगठ्याजवळची बटणे हात न उचलता दाबता येतात का ते बघा. ऑनलाइन मागवला तर परत करायची मुदत आधी वाचा आणि बिल जपून ठेवा.

दुखणे ओळखा

नुसता माऊस बदलून सगळे बरे होत नाही. ताईंच्या मुलीचे टेबल उंच होते. खांदा वर चढलेला आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेले. खुर्चीवर घडी केलेली गोधडी टाकून तिची बसायची उंची वाढवली, पायाखाली पाट दिला. कोपर शरीराजवळ, टेबलाच्या उंचीला आणि मनगट सरळ, एवढे साधले पाहिजे. अर्ध्या तासाने उठून हात मोकळे करा, पाणी प्या.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येत असतील, रात्री त्या वाढून झोपमोड होत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. करंगळी बधिर होत असेल तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकते का ते पाहा. मधुमेह, थायरॉईड किंवा गरोदरपणातही अशा मुंग्या येतात. म्हणून सगळा दोष माऊसवर टाकू नका. हातातून वस्तू सुटू लागल्या, किंवा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही, तर सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा. अंगठ्याखालचा मांसल भाग सुकल्यासारखा दिसला तर अजिबात थांबू नका. दुखणारा हात जोरजोरात चोळून घेणे किंवा वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलणे टाळा.

मग त्या घरी काय केले?

मुलाचा हात 19 सेंटिमीटर भरला, मुलीचा साडेसोळा. एक माऊस दोघांना बसणे कठीण होते. म्हणून मुलासाठी साडेअकरा सेंटिमीटरचा हलका, तारेचा गेमिंग माऊस आणि मुलीसाठी दहा सेंटिमीटरचा साधा माऊस घेतला. एका कॉम्प्युटरला दोन्ही एकाच वेळी जोडता येतात. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत बसले. मुलीच्या मनगटाचे दुखणे कमी झाले आहे, पूर्ण गेलेले नाही. ती ओपीडीत दाखवून आली आहे.

मुलाचा खेळ बंद करा असे आम्ही सांगितले नाही. दिवसभर अभ्यास करणाऱ्या पोराला विरंगुळा हवाच. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला होता. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. हातालाही तेच लागू आहे. त्या घरात आता रात्री दहाला कॉम्प्युटर बंद होतो. ही वेळ मुलाने स्वतः ठरवली आहे.

आपल्या घरांतून आता अनेक मुलामुलींची कमाई कीबोर्ड-माऊसवर होणार आहे. तो हात आतापासून जपू या. नमो बुद्धाय, जय भीम.